नाव तेवढं जुनं: डॅन डेअरच्या १९७७ मधल्या पुनरागमनाचा प्रकरण अभ्यास

इंद्रजाल कॉमिक्स वाचत वाढलेल्या मराठी माणसाला वेताळ माहीत असतो, मँड्रेक माहीत असतो, फ्लॅश गॉर्डनही माहीत असतो. डॅन डेअर म्हटलं की मात्र बहुतेकांचा चेहरा कोरा. तो इंग्लंडचा. अमेरिकी सिंडिकेटच्या, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांच्या, वाटेने आपल्याकडे आलेल्या नायकांच्या रांगेत तो कधी नव्हताच. पण जुना विज्ञानसाहसी नायक नव्या कॉमिक्समध्ये परत आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न समोर घेऊन बसलं की त्याच्याइतका कामाचा दाखला मला दुसरा दिसत नाही. चाळीस वर्षांत त्याला निदान पाच वेळा झोपेतून उठवलं गेलं. इथे मुख्यतः पहिल्या खेपेबद्दल लिहितो, कारण तिथे निर्णय घेणारे हुशार होते, साप्ताहिक यशस्वी झालं, आणि तरीही नायक हातातून निसटला. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगायचं आहे.

पार्श्वभूमी

१४ एप्रिल १९५० ला लंडनच्या हल्टन प्रेसने 'ईगल' या मुलांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. किंमत तीन पेनी. सुमारे ९ लाख प्रती खपल्या असं सांगितलं जातं. साप्ताहिकाच्या मागे होते मार्कस मॉरिस नावाचे एक पाद्री. अमेरिकेहून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिक्सवर ते वैतागलेले होते, पण नुसतं नाक मुरडत बसण्यापेक्षा पोरांच्या हाती काहीतरी बरं द्यावं, असं त्यांनी ठरवलं. चित्रकार मिळाला फ्रँक हॅम्पसन. युद्धावरून परतलेला, साउथपोर्टला कलाशाळेत शिकणारा. दोघांनी आधी जो नमुना अंक केला त्यात डॅन डेअर चक्क अंतराळ दलाचा धर्मोपदेशक होता! छपाईला जाईपर्यंत पाद्र्याची कॉलर गेली आणि तो अंतराळ दलाचा कर्नल, वैमानिक झाला. सरळपणा मात्र पाद्र्याचाच राहिला. डॅन डेअर शब्द मोडत नाही, आणि शत्रूला दिलेला शब्दही शब्दच मानतो.

पहिली गोष्ट १९९६ सालात घडते. पृथ्वीवर अन्न पुरेनासं झालंय, शुक्रावर काही पिकतं का ते पाहायला यानं जातात आणि वाटेत स्फोट होऊन नष्ट होतात. १९५० च्या ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालू होतं, ते पुरतं उठायला १९५४ उजाडलं. मटणाच्या कुपनावर दिवस काढणाऱ्या घरातल्या पोराला ही गोष्ट अंतराळाची कमी आणि स्वयंपाकघराची जास्त वाटली असणार. शुक्रावर भेटतात हिरव्या कातडीचे, भावनाशून्य ट्रीन, आणि त्यांचा शास्ता मेकॉन: भलंमोठं डोकं, काडीसारखं शरीर, तरंगत्या आसनावर बसलेला. ब्रिटिश कॉमिक्समधला याच्याइतका लक्षात राहणारा खलनायक क्वचितच असेल.

हॅम्पसन कसा काम करायचा, हे जरा जवळून पाहायला हवं. आठवड्याला दोन रंगीत पानं, आणि त्यासाठी अख्खा स्टुडिओ राबायचा. आधी तो प्रत्येक चौकटीचा कच्चा रंगीत आराखडा करी. मग सहकाऱ्यांना गणवेश चढवून, दिवे लावून, त्या त्या पवित्र्यात उभं करून फोटो काढले जात. फोटोवरून अंतिम चित्र. यानांच्या प्रतिकृती बनवलेल्या असत, म्हणजे कुठल्याही कोनातून पाहिलं तरी खिडकी त्याच जागी दिसेल. अंतराळ दलाचे प्रमुख सर ह्यूबर्ट गेस्ट यांचा चेहरा हॅम्पसनच्या पोलिसात नोकरी केलेल्या वडिलांचा. प्रोफेसर पीबॉडीसाठी उभी राहायची ती स्टुडिओतलीच एक चित्रकार. सुरुवातीच्या काळात शास्त्रीय बाबी तपासायला आर्थर सी. क्लार्क होते. एवढी मेहनत म्हणजे वेडेपणाच, आणि पुढे या कारखान्यावरच्या खर्चावरून प्रकाशकांशी खटकेही उडाले. पण त्यामुळे त्या जगाला एक घरंदाज खरेपणा आला. वाचकाला तिथला रस्ता ठाऊक होता.

आणि तिथली माणसं ठाऊक होती. या प्रकरणात पुढे जे बिघडलं ते सगळं इथूनच बिघडलं, म्हणून हे अधोरेखित करतो. डॅन डेअर एकटा कधीच नव्हता. लँकेशायरच्या बोलीत बोलणारा, पोट सुटलेला अर्दली डिग्बी. पथकात बाई आहे म्हटल्यावर सर ह्यूबर्ट कुरकुरतात, आणि मग त्यांच्यापेक्षा शहाणी निघते ती पीबॉडी. अमेरिकी हँक, फ्रेंच पिएर, आणि पक्ष बदलून आलेला ट्रीन सोंडार. नायकाची भुवई तेवढी वाकडी, बाकी माणूस सरळ. त्याचं सरळपण या माणसांच्या सोबतीत खुलायचं.

हॅम्पसनच्या हाती मात्र यातलं काहीच नव्हतं. हक्क प्रकाशकाचे. खेळणी निघाली, रेडिओ लक्झेंबर्गवर मालिका झाली, निर्मात्याला वाटा मिळाला नाही. १९५९ मध्ये 'ईगल' ओडम्स या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं, हॅम्पसनने ती मालिका सोडली. नव्या मालकांनी फ्रँक बेलामी या जबरदस्त चित्रकाराला आणलं आणि सांगितलं, यानं बदला, गणवेश बदला, सगळं आधुनिक करा. त्याने वर्षभर ते केलं. पुढे १९६२ पासून कीथ वॉटसनने जुने गणवेश, जुनी यानं पुन्हा आणली. थोडक्यात, १९७७ मध्ये जो प्रयोग झाला त्याची एक छोटी रंगीत तालीम अठरा वर्षं आधी होऊन गेली होती. तिचा निकालही कपाटात पडून होता. कपाट कुणी उघडलं नाही, हा माझा पहिला आक्षेप.

'ईगल' १९६९ मध्ये बंद पडलं. शेवटच्या दिवसांत डॅन डेअरच्या जुन्याच गोष्टी पुन्हा छापून वेळ मारून नेली होती.

अडचण काय होती

डिसेंबर १९७५. 'ईगल'चे हक्क आता आयपीसी या मोठ्या मासिक कंपनीकडे. तिथल्या केल्विन गोस्नेल या उपसंपादकाने संध्याकाळच्या वर्तमानपत्रात वाचलं की विज्ञानकथांच्या चित्रपटांची लाट येऊ घातलीय. त्याने वर चिठ्ठी पाठवली: आपणही या विषयाचं एक कॉमिक काढू. काम आलं पॅट मिल्सकडे. मिल्सने नुकतंच 'अॅक्शन' नावाचं साप्ताहिक उभं केलं होतं, आणि त्यातल्या हिंसेवरून एवढा गदारोळ झाला की ऑक्टोबर १९७६ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. विज्ञानकथेत एक सोय होती. यंत्रमानवाचं डोकं उडवलं तर कुणी पत्र लिहीत नाही.

पण हे नवं साप्ताहिक, '२००० एडी', उभं राहणार कसं? पाच-सहा नव्या मालिका, त्यातलं एकही नाव कुणाला माहीत नाही. बातमी होईल असं काहीतरी हवं होतं. आणि कंपनीच्या तिजोरीत एक नाव फुकट पडलं होतं.

इथे एक साधा हिशेब मांडून पाहा. १९७७ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा जन्मला १९६७ ला. 'ईगल' बंद झालं तेव्हा तो दोन वर्षांचा. त्याला डॅन डेअर कोण ते ठाऊक असण्याचं काही कारण नाही. ठाऊक होता तो त्याच्या बापाला, जो १९५० ला स्वतः दहा वर्षांचा होता आणि आता सदतिशीत होता, नोकरीला होता, कदाचित एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीतही होता. म्हणजे नाव बापासाठी आणि गोष्ट पोरासाठी. या दोघांना एकाच पानावर खूश करायचं, ही खरी अडचण होती. संपादकांनी ती नीट मांडली होती का, शंका आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न 'लोकांचं लक्ष कसं वेधायचं' एवढाच असावा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, नाव वापरायचंच नाही. सगळे नायक नवे. धोका उघड आहे, पण स्वातंत्र्य पूर्ण.

दुसरा, जुन्या गोष्टी पुन्हा छापायच्या. स्वस्त आणि सन्मानाचा, पण ज्या साप्ताहिकाचं नावच '२०००' आहे त्यात १९५० चा १९९६ कसा शोभणार?

तिसरा, तोच डॅन, तीच मंडळी, गोष्ट पुढे चालू. वॉटसनने साठच्या दशकात हेच केलं होतं. याला हॅम्पसनच्या शैलीचा अभ्यास असलेला चित्रकार लागतो, आणि वेळ लागतो. साप्ताहिकाच्या धबडग्यात वेळ कुणाकडे असतो!

चौथा, वारस. नातू-पणतू दाखवायचा. नाव तेच, माणूस वेगळा, जुन्याची अब्रू शाबूत. त्या वेळी हा कुणी गंभीरपणे घेतलेला दिसत नाही. पाच वर्षांनी घेतला.

पाचवा, नाव ठेवायचं आणि बाकी सगळं बदलायचं.

मिल्सचा स्वभाव इथे लक्षात घ्यावा लागतो. अधिकारी, सरदार, गणवेशातले साहेब यांच्याबद्दलचा तिटकारा त्याच्या आधीच्या-नंतरच्या लेखनात लपलेला नाही. त्याच्या युद्धकथांमध्ये साहेब चुकतो आणि शिपाई मरतो. अशा माणसाला अर्दली घेऊन फिरणारा, शब्दाला जागणारा कर्नल लिहायला सांगणं म्हणजे अवघडच. ज्या नायकावर लेखकाचं प्रेम नाही तो नायक त्याच्या हाती द्यावा का, हा सहावा प्रश्न टेबलावर यायला हवा होता.

काय केलं

पाचवा पर्याय निवडला. '२००० एडी'च्या पहिल्या अंकावर २६ फेब्रुवारी १९७७ ही तारीख आहे. किंमत ८ पेनी, सोबत फुकट प्लॅस्टिकची फिरकती चकती, आणि संपादक म्हणून थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी. मुखपृष्ठावरच जाहीर केलं होतं: नवा डॅन डेअर. 'नवा' हा शब्द त्यांनी स्वतःहून छापला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच.

गोष्टीची चौकट अशी. डॅन डेअर एका अपघातात जबर जखमी होतो, त्याला गोठवून ठेवतात, आणि दोनशे वर्षांनी, बाविसाव्या शतकात, नवा चेहरा देऊन जागा करतात. चेहराच बदलल्यामुळे 'हा आमच्या डॅनसारखा दिसत नाही' या तक्रारीला कथेतच उत्तर मिळालं. युक्ती म्हणून ही हुशार आहे. पण या युक्तीने डिग्बी, पीबॉडी, सर ह्यूबर्ट, सगळे एका वाक्यात मेले.

चित्रकार निवडला मासिमो बेलार्दिनेली, इटलीचा. त्याची पानं आज पाहिली तरी नजर ठरत नाही. गुरूच्या वातावरणात शिरणारं यान, आणि समोर बायोग, म्हणजे जिवंत पेशींतून घडलेली यानं: शिरा, पडदे, तोंडं, लाळ. हॅम्पसनच्या यानाला रिव्हेट असत, बेलार्दिनेलीच्या यानाला आतडी आहेत. परग्रह असा गलिच्छ आणि भव्य फार थोड्यांनी काढला असेल. पण माणसांकडे वळलं की त्याचा हात आखडतो. चेहरे ताठ, सगळे एकाच साच्यातले, रागात आणि विचारात फरक नाही. ज्या मालिकेचा जीव माणसांच्या सोबतीत होता, ती अशा चित्रकाराला दिली ज्याला माणसं सोडून बाकी सगळं काढता येत होतं.

नवा डॅन तापट आहे. हुकूम धाब्यावर बसवतो, आधी गोळी आणि मग विचारपूस. सत्तरच्या दशकातल्या मुलांना हा प्रकार आवडत होता, यात शंका नाही. पण असा नायक त्याच अंकात दुसऱ्या पानावरही होता, तिसऱ्यावरही होता. मग याला डॅन डेअर कशासाठी म्हणायचं? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसऱ्या अंकात, ५ मार्च १९७७ ला, एक भलताच नायक आला. हेल्मेट कधी न काढणारा, भविष्यातल्या महानगरात जागच्या जागी शिक्षा ठोठावणारा जज ड्रेड. जॉन वॅग्नरची कल्पना, कार्लोस एस्केराचं रूप. त्याला ना वारसा ना बापाची आठवण. तो हळूहळू साप्ताहिकाचा चेहराच झाला.

सुधारणेचा प्रयत्न

संपादकांना चूक कळली नाही असं नाही. पहिल्या गोष्टीनंतर मेकॉनला परत आणलं. मग २८ व्या अंकापासून अदलाबदल केली. 'हार्लेम हीरोज' ही खेळाची मालिका काढणारे डेव्ह गिबन्स डॅन डेअरकडे आले, आणि बेलार्दिनेली 'हार्लेम हीरोज'च्या पुढच्या भागाकडे गेला. गिबन्स १९४९ चे, म्हणजे 'ईगल' वाचत वाढलेल्या पिढीतले, हॅम्पसनचे भक्त. त्यांच्या हातात येताच चौकटी स्वच्छ झाल्या, यान यानासारखं दिसू लागलं, आणि डॅनभोवती पुन्हा एक पथक उभं राहिलं. गेरी फिनली-डे यांच्या लेखणीतून ते पथक अनोळखी ग्रहांच्या शोधात निघालं.

दुरुस्ती योग्य दिशेने होती. तरी एक घोटाळा राहिला. पथक आलं ते नव्या, रांगड्या, भांडखोर मंडळींचं. डिग्बीची जागा रिकामी होती ती माणुसकीची, ती शिपायांची संख्या वाढवून भरत नाही.

१९७९ मध्ये मालिका थांबवली, तीही गोष्ट अर्ध्यावर असताना. शेवट झालाच नाही. साप्ताहिकातली जागा दुसऱ्यांना हवी होती, आणि ज्याच्या नावावर दुकान उघडलं त्याला मागच्या दाराने घालवलं.

परिणाम

धंद्याच्या बाजूने पाहिलं तर निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. बातमी झाली, बापांनी भुवया उंचावल्या, काहींनी संतापून पत्रं लिहिली, आणि पोरांच्या हाती अंक पडला. 'स्टार वॉर्स' लंडनला पोहोचायला त्या वर्षीचा डिसेंबर संपत आला होता, तोवर हे साप्ताहिक दहा महिने चालू होतं. ते आजही चालू आहे. डॅन डेअर गळाला लावायचं आमिष होता आणि मासा लागला.

नायकाच्या बाजूने पाहिलं तर वेगळं दिसतं. जुन्या वाचकांनी त्याला आपला मानला नाही, नव्यांना तो लागलाच नाही. आणि तिसरी बाजू हॅम्पसनची. १९७५ मध्ये इटलीतल्या लुक्का इथल्या महोत्सवात त्याचा मोठा सन्मान झाला होता. परदेशी चित्रकार त्याला गुरू मानत होते, आणि मायदेशी तो एका कॉलेजात तांत्रिक कर्मचारी म्हणून नोकरी करत होता. १९७७ मध्ये तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याच्या नायकाला नवा चेहरा दिला गेला त्यात त्याचा हात नव्हता, आणि कायद्याने कुणावर त्याला विचारण्याचं बंधनही नव्हतं. तो १९८५ मध्ये गेला.

गंमत म्हणजे हक्कांचं हे दुखणं मिल्स आणि वॅग्नर यांनाही होतं. '२००० एडी' दुसऱ्या कंपनीकडे जाईल आणि निर्मात्यांना आर्थिक वाटा मिळेल, असा एक बेत सुरुवातीला होता. तो फिसकटला तेव्हा वॅग्नर काही काळ बाजूला झाला होता. ज्या व्यवस्थेने हॅम्पसनला कोरडं ठेवलं तिच्यातच हे दोघे बसले होते, आणि तिच्याच तिजोरीतून त्यांनी हॅम्पसनचं मूल उचललं. दोष देत नाही. भाड्याच्या घरात राहणारा दुसऱ्या भाडेकरूचं सामान हलवतो, तसं ते झालं.

वेगळं काय करता आलं असतं

चित्रकथेच्या नवशिक्यांशी बोलताना हे प्रकरण काढलं की बहुतेक जण तिसरा पर्याय निवडतात: सगळं जुनं तसंच ठेवायचं होतं. मला ते पटत नाही. जुनं तसंच ठेवलेला डॅन डेअर १९७७ च्या दहा वर्षांच्या मुलाने दोन आठवड्यांत टाकून दिला असता.

माझं मत असं की पाचवा पर्यायही चालला असता, जर त्यांनी स्वतःच रचलेल्या घटनेकडे वळून पाहिलं असतं. एक माणूस दोनशे वर्षांनी जागा होतो. चेहरा अनोळखी. ओळखीचं एकही माणूस जिवंत नाही. मित्र कधी मेला, कसा मेला, आपली आठवण काढत मेला का, हे सांगणारं कुणी नाही. एवढी मोठी गोष्ट पहिल्याच पानावर हाताशी आली होती! तिला चार चौकटी दिल्या असत्या, जुनी एखादी वस्तू, डिग्बीच्या हातचं एखादं पत्र, तरी बापाला आपला डॅन सापडला असता, आणि मुलाला कळलं असतं की हा माणूस एवढा चिडका का आहे. राग तोच राहिला असता, फक्त त्याला कारण मिळालं असतं. त्या मालिकेत या शोकाला जवळपास जागाच नाही. आरशात पाहून पुढच्या चौकटीत गोळीबार.

म्हणजे बदलायचं किती, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. हा नायक कशामुळे हा नायक आहे, ते एका ओळीत आधी लिहून काढावं. वाकडी भुवई, हिरवा गणवेश, यानाचं नाव, ही सगळी खूण झाली. डॅन डेअरच्या बाबतीत ती ओळ 'आपल्या माणसांना सोडून न जाणारा' अशी काहीतरी झाली असती. आणि मग प्रत्येक बदल तिच्यावर घासून पाहता आला असता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर फास्टर फेणेचं. २०१७ च्या चित्रपटात भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या पोराचं वय वाढवलं, त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात घुसवलं, मोबाइलच्या जमान्यात आणलं. पण तोंडातला 'ट्टॉक' ठेवला, आणि कुणाचं काही चुकतंय म्हटल्यावर नाक खुपसायची खोड ठेवली. शिवाय भागवतांनाच गोष्टीतलं एक पात्र करून टाकलं. चित्रपट कुणाला आवडो न आवडो, 'हा फेणे नव्हेच' अशी तक्रार मी तरी फारशी ऐकली नाही.

दुसरं, चित्रकार आणि नायक यांची जोडी. २८ व्या अंकातली अदलाबदल पहिल्या अंकाच्या आधी करता आली असती, दोघेही त्याच अंकात काम करत होते. बेलार्दिनेलीला माणसं नसलेली किंवा माणसांची फिकीर नसलेली मालिका द्यायची, गिबन्सना डॅन द्यायचा. नमुना पानं मागवताना बहुधा यानं आणि राक्षस पाहिले गेले. दोन माणसं जेवताना बोलतायत, असं एक पान मागवून पाहायला हवं होतं.

तिसरं, शेवट. मालिका बंद करायची तर करा, पण दोन आठवडे द्या. अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीमुळे वाचकाला जे कळतं ते पुसता येत नाही: इथे कुणालाच याची पर्वा नव्हती.

पुढच्या खेपा

१९८२ मध्ये त्याच कंपनीने नवं 'ईगल' काढलं आणि या वेळी वारसाचा पर्याय घेतला. नायक म्हणजे मूळ डॅनचा खापरपणतू. जुनी मंडळी शाबूत राहिली, पण खापरपणजोबाचं कर्तृत्व सांगून किती दिवस निभावणार? १९८९ मध्ये मूळ डॅनलाच परत आणलं, तेही कीथ वॉटसनच्या हातून. वीस-बावीस वर्षांनी तोच चित्रकार तेच गणवेश काढायला बसला.

१९९० मध्ये ग्रँट मॉरिसन आणि रियान ह्यूज यांनी उलट टोक गाठलं. त्यांचा डॅन म्हातारा, काठी टेकत चालणारा, ज्या देशासाठी लढला त्या देशाच्या पंतप्रधानीणबाईंच्या निवडणूक प्रचाराचा चेहरा झालेला. थॅचरकाळावरचं ते जळजळीत व्यंग होतं. ही मुलांची गोष्ट नव्हतीच, १९५० च्या मुलांची आता काय गत झाली त्याची होती. मला ती खेप आवडते, पण तिथून पुढे रस्ता नाही.

२००७ ची खेप आपल्याला जवळची. व्हर्जिन कॉमिक्स ही रिचर्ड ब्रॅन्सन, दीपक चोप्रा, शेखर कपूर मंडळींनी काढलेली कंपनी, तिचा स्टुडिओ बंगळुरूत. इंग्लंडचा हा अस्सल साहेब परत आला तो अशा अर्ध्या भारतीय कंपनीच्या दारातून, आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. लेखक गार्थ एनिस, चित्रकार गॅरी अर्स्किन, सात अंक. इथे डॅन निवृत्त होऊन एका लघुग्रहावर उभारलेल्या खोट्या इंग्लिश खेड्यात राहतोय: हिरवळ, पब, सगळं आभासी. पंतप्रधान मेकॉनशी हातमिळवणी करतोय. पीबॉडी मंत्रिमंडळात आहे. आणि डिग्बी जिवंत आहे, म्हातारा झालाय, एका परग्रहावर माणसं निसटावीत म्हणून मागे थांबून लढताना मरतो.

१९७७ मध्ये ज्याला एका वाक्यात मारलं होतं त्याला मरायला इथे पानंच्या पानं मिळाली. एनिसने पोरांसाठी लिहायचा आव आणला नाही, त्याचा वाचक तो बापच होता, त्यामुळे अडचण निम्मी झाली होती, हे मान्य. कंपनी मात्र टिकली नाही, २००८ मध्ये तिचं नाव आणि मालक दोन्ही बदलले. २०१७ मध्ये पीटर मिलिगनने टायटन या प्रकाशकासाठी चार अंक लिहिले, मेकॉन खरंच सुधारला आहे का, या प्रश्नावर. तोही चांगला प्रश्न होता, पण चार अंकांत किती खणणार.

या सगळ्यांपासून दूर, २००३ पासून चाहत्यांनी चालवलेलं एक नियतकालिक निघतं, 'स्पेसशिप अवे' नावाचं. त्यात जुन्याच मंडळींची एक गोष्ट क्रमशः आली. तिची सुरुवातीची पानं कीथ वॉटसनने काढली होती. १९९४ मध्ये वॉटसन गेला आणि पानं तशीच राहिली. मग पन्नासच्या दशकात हॅम्पसनच्या स्टुडिओत काम केलेला डॉन हार्ली पुढे आला आणि ती गोष्ट त्याने जिथे थांबली होती तिथून काढायला घेतली.